३ जानेवारीच्या मंडपातून शाळेच्या समितीत: जयंती साजरी करणाऱ्या गावासाठी टप्प्याटप्प्याने

३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या फोटोला हार पडतो, नऊवारी नेसलेल्या मुलींची फेरी निघते, दोन-तीन भाषणं होतात आणि बाराच्या आत मंडप रिकामा होतो. त्याच शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप असतं आणि किल्ली कार्यालयातल्या खिळ्याला लटकलेली असते. किल्ली मागायला सरांकडे जायचं म्हणून सहावी-सातवीच्या मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत.

हे बदलायची इच्छा बऱ्याच मंडळांना असते. भाषणाच्या भरात चाळीस नावं गोळा होतात, व्हॉट्सॲपवर ग्रुप निघतो आणि संक्रांतीपर्यंत त्यावर तिळगुळाचे फोटो फिरू लागतात. उत्साह कमी पडतो असं नाही, क्रम चुकतो. आधी जयंती आणि मग 'काय करायचं ते ठरवू' असं केलं की काहीच ठरत नाही. पाहणी डिसेंबरात, जाहीर वाचन ३ जानेवारीला, ठराव २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आणि अनुदानाचा हिशेब ३१ मार्चच्या आत, या क्रमाने गेलं तर त्याच चाळीसपैकी आठ-दहा माणसांत काम होतं.

हा लेख जिल्हा परिषदेची शाळा असलेल्या गावांसाठी आहे. नगरपालिकेच्या आणि अनुदानित शाळांनाही बराचसा भाग लागू पडतो, फक्त तिथे ग्रामसभेऐवजी नगरसेवक आणि पालिकेचा शिक्षण विभाग गाठावा लागतो. विनाअनुदानित खासगी शाळांना शिक्षण हक्क कायद्याचं कलम २१, म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीचं कलम, लागू नाही. त्यांच्यासाठी हा रस्ता नाही.

## टप्पा १: डिसेंबरचा पहिला आठवडा, माणसं निवडणं

पाच ते सात जण पुरेत. निम्म्याहून जास्त जणांची मुलं त्याच शाळेत शिकत असावीत आणि त्यांत आया जास्त असाव्यात. हे केवळ शोभेसाठी नाही. समितीत ७५ टक्के सदस्य पालक आणि ५० टक्के महिला असल्याच पाहिजेत, असं कायदाच सांगतो. स्वतःची मुलं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालून गावच्या शाळेची पाहणी करायला निघालेल्या मंडळाला मुख्याध्यापकाने पहिल्याच दिवशी 'तुमचं मूल कितवीत आहे?' असं विचारलं तर विषय तिथेच संपतो.

मंडळातल्या ज्या तरुणांची मुलं शाळेत नाहीत त्यांनी कागद, मोजमाप, फोटो, टायपिंग आणि पंचायत समितीच्या खेपा सांभाळाव्यात. बोलणं पालकांनी करावं.

मग दोघांनी मुख्याध्यापकांना भेटून सांगावं: 'जयंतीच्या निमित्ताने शाळेला काय लागतं याची यादी करतोय. ती तुमच्यासोबत बसूनच करू.' बहुतेक मुख्याध्यापकांच्या टेबलात अशी यादी पडलेलीच असते. त्यांनी वर दोनदा पाठवलेली असते आणि तिचं उत्तर आलेलं नसतं.

सावधान: 'शाळा तपासायला आलोय' हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. मुख्याध्यापकाच्या हातात सर्वांत कमी पैसा आणि सर्वांत जास्त नोंदवह्या असतात. तो विरोधात गेला की पुढचे सगळे टप्पे अडतात.

## टप्पा २: कागद गोळा करणं

पाहणीच्या आधी हे हाताशी ठेवा:

१. शाळेचा अकरा अंकी यूडायस क्रमांक, म्हणजे सरकारच्या शाळा-माहिती नोंदीतला शाळेचा क्रमांक. यूडायस प्लसच्या संकेतस्थळावर त्यावरून शाळेची सार्वजनिक माहिती दिसते: पटसंख्या, शिक्षक, वर्गखोल्या, स्वच्छतागृहं. ती छापून घ्या. पाहणीला हाच कागद सर्वांत उपयोगी पडतो, कारण कागदावर 'चालू स्थितीतील स्वच्छतागृह: २' असतं आणि प्रत्यक्षात एकाला कुलूप असतं.

२. सध्याच्या शाळा व्यवस्थापन समितीची यादी आणि ती कधी स्थापन झाली ती तारीख.

३. गेल्या वर्षभराची इतिवृत्तं. सभा महिन्यातून एकदा व्हायला हवी. बारा महिन्यांत बारा सभा एकाच हस्ताक्षरात, एकाच शाईत आणि त्याच आठ सह्यांनी झालेल्या दिसल्या तर काय समजायचं ते समजून घ्या. तेव्हा मात्र वाद घालू नका.

४. समग्र शिक्षा या सरकारी योजनेअंतर्गत शाळेला मिळणाऱ्या संयुक्त शाळा अनुदानाचा हिशेब. या अनुदानाचे निकष पटावर ठरतात: ३० पटापर्यंत १० हजार, ३१ ते १०० ला २५ हजार, १०१ ते २५० ला ५० हजार, २५१ ते १००० ला ७५ हजार रुपये. यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. ६४ पटाच्या शाळेला वर्षाला २५ हजार म्हणजे महिन्याला जेमतेम दोन हजार, आणि त्यात खडूपासून बल्बपर्यंत सगळं. हा आकडा कळला की 'पैसे कुठे जातात?' हा प्रश्न जरा खालच्या आवाजात विचारला जातो.

## टप्पा ३: पाहणी, दोन खेपांत

एक खेप सकाळी परिपाठाच्या वेळी आणि दुसरी जेवणाच्या सुट्टीत करा. एकाच खेपेत उरकलं तर अर्धंच दिसतं.

स्वच्छतागृह. 'आहे की नाही' हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण उत्तर नेहमी 'आहे' असंच येतं. नळ उघडून पाणी येतं का ते पाहा. दार आतून लागतं का, कडी मुलीच्या हाताला पोचते का, दिवा आहे का, झाकणाचा डबा आहे का आणि किल्ली कुणाकडे असते, हे लिहा. मुलींचा भाग फक्त बायकांनी आणि शाळा सुटल्यावर पाहावा. पाळीच्या दिवसांत मुली घरी राहतात का, हे मुलींना चारचौघांत विचारू नका. शाळेत मुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असते, तिच्यातल्या शिक्षिकेकडून किंवा आशाताईंकडून विचारून घ्या.

पाणी. टाकी शेवटची कधी धुतली ती तारीख टाकीवर रंगवलेली असायला हवी. नसेल तर 'नाही' लिहा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला बोलावून शाळेच्या नळावर ओटी टेस्ट करून घ्या. पाण्यात द्रावणाचे थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर क्लोरीन पोचतंय. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम राहिलं पाहिजे. गावच्या चौकात पिवळं आणि शाळेत पांढरं असं बऱ्याचदा होतं, कारण शाळा पाइपलाइनच्या शेपटाला असते.

पोषण आहार. इथे वाद जास्त आणि मोजमाप कमी असतं, म्हणून वजनकाटा घेऊन जा. पहिली ते पाचवीसाठी प्रत्येक मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम, ३० ग्रॅम, ७५ ग्रॅम आणि साडेसात ग्रॅम. गणित सोपं आहे. प्राथमिकची ६४ मुलं हजर असतील तर ६ किलो ४०० ग्रॅम तांदूळ आणि १ किलो २८० ग्रॅम डाळ पातेल्यात जायला हवी. धान्य कच्चं असताना तोला. शिजलेला भात तोलून काहीच कळत नाही, आणि नेमकी हीच चूक सगळे करतात. हजेरी फळ्यावरची घेऊ नका, पंगतीतली डोकी मोजा. चव नोंदवहीत त्या दिवशी कुणाची सही आहे आणि ती जेवण वाढायच्या आधीची आहे का, तेही पाहा.

स्वयंपाक करणाऱ्या बाईंवर खापर फोडू नका. त्यांच्या हातात येतं तेच त्या शिजवतात. कमी असेल तर साठा नोंदवही आणि आवक पावती बघायची, पातेलं नव्हे.

शिक्षक. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीला ६० पटापर्यंत दोन, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार शिक्षक. प्रत्यक्ष पदं दरवर्षीच्या संचमान्यतेवर, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं मंजूर करणाऱ्या आदेशावर, ठरतात, म्हणून त्या आदेशाची प्रत मुख्याध्यापकांकडून घ्या. इथे एक बारीक गोष्ट आहे जी पालकांना कुणी सांगत नाही. अलीकडे संचमान्यतेत आधार जुळलेली मुलंच धरली जातात. ६२ पटातल्या चार मुलांच्या आधारवर नाव किंवा जन्मतारीख चुकली असेल तर शाळा ५८ ची ठरते आणि एक शिक्षक जातो. ही दुरुस्ती पालकांनीच करायची असते. तिला निवेदन लागत नाही, मोर्चाही लागत नाही. आधार केंद्रावर एक फेरी पुरते.

न येणारी मुलं. हजेरीपटावर नाव आहे आणि तीन महिने मूल नाही, अशी यादी वेगळी करा. मराठवाड्यात आणि अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या पट्ट्यात ही यादी दिवाळीनंतर ऊसतोडीमुळे फुगते. मूल आई-वडिलांसोबत दुसऱ्या गावी असेल तर तिथली शाळा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारू शकत नाही. कलम ५ मध्ये तसं स्पष्ट लिहिलं आहे. जन्मदाखला नसल्याचं कारणही चालत नाही.

तपासा: पाहणीच्या शेवटी मुख्याध्यापकांना कागद वाचून दाखवा, त्यांचं म्हणणं शेजारी लिहा आणि दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. मुलांचे चेहरे दिसणारा एकही फोटो कागदाला जोडू नका.

## टप्पा ४: यादीतून तीनच गोष्टी उचलणं

पाहणीत वीस-पंचवीस उणिवा निघतात. सगळ्या मांडल्या तर एकही सुटत नाही. तीन निवडा. एक पैशांशिवाय पंधरा दिवसांत होणारी (किल्ली, आधार दुरुस्ती, चव नोंदवही). एक ग्रामपंचायतीच्या पैशांतून दोन-तीन महिन्यांत होणारी (नळजोडणी, कड्या, कुंपण). एक वर्षभराची (वर्गखोली, शिक्षकाचं पद). पहिली लगेच होते आणि तीच पुढच्या सभेला माणसं आणते. फक्त मोठ्या मागण्या धरून बसलेली मंडळं फेब्रुवारीत थंड होतात.

## टप्पा ५: ३ जानेवारीचा कार्यक्रम

दीड तासाच्या वर नेऊ नका. पूजन आणि हार दहा मिनिटं, मुलांचं सादरीकरण वीस, एकच भाषण दहा. मग पाहणीचं वाचन वीस मिनिटं, लोकांचे प्रश्न वीस आणि नावनोंदणी दहा. वाटप सगळ्यात शेवटी. खाऊ आधी वाटला की पोरं पळतात आणि पोरांमागे आया जातात. बाकी उरले सत्कारमूर्ती आणि व्यासपीठावरचे पाहुणे. त्यांना तीन खुर्च्या पुरेत. चौदा पाहुण्यांची नावं घेऊन स्वागत करण्यात पंचवीस मिनिटं जातात आणि कात्री नेमकी पाहणीच्या वाचनावर चालते.

बायकांना पुढे बसवा. मागे बसवलं तर प्रश्न पुढच्या चार पुरुषांचेच येतात.

वाचन शाळेतल्या एका आईने करावं आणि कोणाचंही नाव घेऊ नये. 'मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप आहे, आत नळ नाही, दोन दारांपैकी एकाला कडी नाही' एवढंच. दोष कोणाचा हे सभेत ठरवायला गेलात तर त्या दिवशी एवढंच ठरेल.

नावनोंदणीच्या वहीत चार रकाने करा: नाव, मोबाइल, मूल कोणत्या वर्गात, आणि मी काय करीन. चौथ्या रकान्यात 'सहकार्य करीन' चालणार नाही. 'बुधवारी आधार केंद्रावर चार मुलं नेईन', 'वेल्डरकडून कडी बसवून घेईन', 'दर शुक्रवारी जेवणाची चव घेईन' असं लिहून घ्या. ज्याला लिहिता येत नाही त्याचं शेजाऱ्याने लिहावं. त्याच दिवशी पालकसभेची तारीख जाहीर करा, सात-आठ दिवसांच्या आतली.

सावधान: निवडणूक वर्षात पॅनेलचा माणूस मंचावरून यादी वाचू लागला तर ती शाळेची यादी राहत नाही. सरपंचांना आणि विरोधी सदस्यांना पाहणीचा कागद आदल्या दिवशीच, एकाच वेळी द्या.

## टप्पा ६: पालकसभा आणि समिती

सर्वांत जास्त गडबड इथे होते.

आधी बघा, समितीची मुदत संपली आहे का. समिती साधारण दर दोन वर्षांनी नव्याने होते. मुदत बाकी असेल तर 'बरखास्त करा' म्हणू नका. रिकाम्या जागा असतील तर त्या भरायला सांगा आणि बाकीच्यांनी मासिक सभेला निमंत्रित म्हणून बसावं. अर्धवट मुदतीत समिती पाडायला गेलेल्या मंडळांचे पुढचे सहा महिने त्या भांडणातच जातात.

मुदत संपली असेल तर सभेची लेखी सूचना मुलांच्या हातून प्रत्येक घरी पाठवा. वेळ संध्याकाळची ठेवा. सकाळी अकराची सभा म्हणजे मजुरीवर जाणाऱ्या पालकांनी यायचंच नाही.

सदस्यसंख्या साधारण १२ ते १६ असते. १२ ची समिती केली तर किमान ९ पालक, १६ ची केली तर किमान १२. महिला अनुक्रमे ६ आणि ८. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्याव्याच लागतात. शाळेतली तिसरा हिस्सा मुलं वस्तीतली असतील आणि समितीत वस्तीतलं कुणीच नसेल तर ती समिती कायद्यात बसत नाही. उरलेल्या चौथ्या हिश्श्यात ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक, स्थानिक शिक्षणप्रेमी किंवा विद्यार्थी येतात. अध्यक्ष पालकांमधूनच निवडायचा. मुख्याध्यापक सचिव असतात, ते अध्यक्ष होऊ शकत नाहीत.

नेहमीच्या चुका अशा. वर्गवार पालकांनी निवडायच्या ऐवजी पारावर बसून 'बिनविरोध' यादी करणं. बाईचं नाव आणि सभेला नवरा. अशा वेळी सह्या घेताना 'सदस्य स्वतः हजर' हा शेरा इतिवृत्तात लिहायचा आग्रह धरा, दोन सभांत सवय लागते. आणि सातवी-आठवीच्याच पालकांना घेणं: मुलं जूनमध्ये शाळा सोडतात आणि समिती निम्मी रिकामी होते. पहिली-दुसरीचे पालक जास्त घ्या.

## टप्पा ७: अर्ज, एका कागदावर एकच विषय

पत्र कुणाला लिहायचं हे चुकलं की ते टेबलावरून टेबलावर फिरतं. पाणी, स्वच्छतागृहाची दुरुस्ती, कुंपण, परिसर ग्रामपंचायतीकडे. रिक्त पद, पुस्तकं, गणवेश केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे. मोडकळीस आलेली खोली असेल तर 'नवी खोली द्या' असं न लिहिता आधी निर्लेखनाचा प्रस्ताव कुठे अडला ते विचारा. जुनी खोली कागदावरून उतरल्याशिवाय नव्या खोलीचं घोडं पुढे सरकत नाही.

अर्जाचा नमुना:

> विषय: जि. प. प्राथमिक शाळेतील मुलींच्या स्वच्छतागृहास नळजोडणी देणे व दारास कडी बसवणे.
>
> शाळेत २९ मुली आहेत. दि. १२ डिसेंबरच्या पाहणीत स्वच्छतागृहात नळ नसल्याचे व एका दारास आतून कडी नसल्याचे आढळले. पाण्याची टाकी १५ मीटरवर आहे. शाळा व्यवस्थापन समितीने दि. ९ जानेवारीच्या सभेत याबाबत ठराव केला असून प्रत जोडली आहे. हे काम मासिक सभेपुढे ठेवून २६ जानेवारीच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत घ्यावे, ही विनंती.

मुलींची संख्या, अंतर, पाहणीची तारीख आणि पुढे काय हवं, एवढं पुरेसं आहे. 'सावित्रीच्या लेकींवर अन्याय' हे अर्जात नको, ते भाषणात शोभतं.

तपासा: दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतला का? पोच नसलेला अर्ज दिलेलाच नाही असं धरा. सरपंचांना व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो म्हणजे अर्ज नव्हे. आणि पोच मिळायच्या आधी वर्तमानपत्रात फोटो देऊ नका. बातमी आली की पुढचं काम उपकार केल्यासारखं होतं.

## टप्पा ८: २६ जानेवारीची ग्रामसभा

ग्रामसभेची सूचना सात दिवस आधी निघते, म्हणजे विषयपत्रिका १८-१९ तारखेच्या आत बंद होते. तुमचा अर्ज १० तारखेपर्यंत पोचलेला हवा. नाहीतर विषय 'आयत्या वेळच्या विषयांत' जातो आणि तोवर अर्धी माणसं झेंड्याची जिलेबी घेऊन घरी गेलेली असतात.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. ती कागदोपत्री उरकायची पद्धत गावोगावी आहे. तुमच्या आठ-दहा बायकांनी तिथे प्रत्यक्ष बसून विषय मंजूर करून घेतला तर मुख्य सभेत तो खोडणं अवघड जातं. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतली जी संख्या कमी ती. गणपूर्ती नाही म्हणून तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा ही अट नसते. तेव्हा तहकुबीने हताश होऊ नका, दुसऱ्या तारखेला तेवढेच लोक घेऊन जा.

ठरावाचे शब्द आधीच लिहून न्या. 'शाळेच्या अडचणी सोडवाव्यात असे सर्वानुमते ठरले' या ठरावातून काहीच निघत नाही. असा हवा: 'मुलींच्या स्वच्छतागृहास टाकीपासून नळजोडणी द्यावी व दारास कडी बसवावी. खर्च महिला व बालकल्याणासाठी राखीव निधीतून करावा. काम २८ फेब्रुवारीपर्यंत पूर्ण करून शाळा व्यवस्थापन समितीचा पूर्ततेचा दाखला घ्यावा.' खाली सूचक आणि अनुमोदक. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. रकमेचं नाव घेऊन मागितलं की 'निधी नाही' हे उत्तर सहज देता येत नाही.

मोठ्या कामांसाठी जानेवारी उशिराचा महिना आहे. ग्रामपंचायत विकास आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. कुंपण, खोली, सौर पॅनेल त्यात आलं नाही तर पुढचं वर्ष. आराखड्यात काय घातलं आणि कशावर किती खर्च झाला हे ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या दिसतं.

सभा संपल्यावर हजेरीवर सही करूनच उठा. आठवड्याने ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) ठरावाच्या प्रतीचा अर्ज द्या.

## टप्पा ९: उत्तर आलं नाही तर

तीस दिवसांनी एक स्मरणपत्र द्या, जुना आवक क्रमांक लिहून. त्यानंतरच माहितीचा अधिकार वापरा. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लागतं. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला दाखला जोडल्यास फी नाही. एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा. प्रतींचे पानाला २ रुपये. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. आलं नाही किंवा अपुरं आलं तर पुढच्या ३० दिवसांत २० रुपयांच्या स्टॅम्पसह पहिलं अपील.

'काम का केलं नाही?' असं विचारू नका. कारणं सांगणं माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नसतं. कागद मागा: 'अमुक तारखेच्या ठरावावर केलेल्या कार्यवाहीच्या नोंदी, अंदाजपत्रकाची प्रत, महिला व बालकल्याण निधीच्या चालू वर्षाच्या खर्चाच्या नोंदीची प्रत.' चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तरी त्यांनी तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो.

सावधान: पहिलाच अर्ज शाळेच्या मुख्याध्यापकाविरुद्ध टाकू नका. वही मागून मिळते तिथे स्टॅम्प चिकटवला की दार बंद होतं.

## टप्पा १०: वर्षभराचा धागा

सभेचा वार ठरवून टाका, उदाहरणार्थ महिन्याचा दुसरा शनिवार, संध्याकाळी सहा. प्रत्येक निर्णयापुढे कोण करणार आणि कधीपर्यंत ते लिहा. पुढची सभा मागच्या पानाच्या वाचनाने सुरू करा.

१० मार्च, सावित्रीबाईंची पुण्यतिथी, हा दिवस दुसऱ्या हारासाठी न ठेवता हिशेबाला ठेवा. ३१ मार्चला वीस दिवस उरलेले असतात. संयुक्त अनुदानातलं किती शिल्लक आहे ते त्या दिवशी वहीत बघा. बहुतेक शाळांत शेवटच्या आठवड्यात घाईघाईने खरेदी होते आणि कपाटं येतात, नळ येत नाहीत. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी टाकी धुऊन तारीख रंगवा. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत फेब्रुवारीच्या कामाचा पूर्ततेचा दाखला वाचा किंवा तो का नाही ते विचारा. सप्टेंबरात आधारची यादी पुन्हा तपासा. ऑक्टोबरात आराखडा आणि स्थलांतराला निघणाऱ्या घरांची यादी, दोन्ही एकाच आठवड्यात येतात. ऊसतोडीला नेणाऱ्या मुकादमाची गाडी गावात यायच्या आधी आजी-आजोबांकडे राहू शकणारी मुलं कोणती आणि हंगामी वसतिगृहाची गरज किती, हे मुख्याध्यापकांमार्फत वर कळवा. गाडी निघून गेल्यावर केलेली यादी फक्त गैरहजेरीची असते.

डिसेंबरात पुन्हा पाहणी, त्याच कागदावर शेजारी नवा रकाना काढून. ३ जानेवारीला आधी जुना रकाना वाचायचा आणि मग नवा.

समिती बदलेल तेव्हा एकच फाइल पुढच्या अध्यक्षाच्या हातात द्या: पाहणीचे कागद, पोच असलेल्या अर्जांच्या प्रती, ठरावांच्या प्रती, माहितीच्या अधिकारातली उत्तरं आणि चार रकान्यांची ती वही. फाइल मंडळाच्या अध्यक्षाच्या घरी नको, शाळेच्या कपाटात ठेवा. आणि त्या कपाटाची एक किल्ली समितीतल्या एखाद्या आईकडे राहू द्या.